केळीचा घड, व्हॉट्सॲप ग्रुप आणि आपली माणसं: ऑनलाइन सामाजिक प्रयोग पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

अमळनेरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, शिष्यवृत्ती, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म, जे येईल ते. दिवसभर माणसं समोर स्टुलावर बसून फॉर्म भरतात आणि मी बघत असतो, आणि एक गोष्ट इतक्या वेळा बघितली की डोक्यात किडा वळवळायला लागला. चार पोरं एकत्र येतात, पहिला जो विषय टाकतो तोच बाकीचे तिघं टाकतात, आणि विचारलं की प्रत्येक जण म्हणतो, "नाही दादा, मी घरूनच ठरवून आलो होतो." आता खरं कोण बोलतंय हे कळायचं कसं? चौघांना वेगवेगळं बसवून विचारलं असतं तर कळलं असतं. बस, एवढाच प्रयोग असतो. आधी एकेकट्याला विचारायचं, मग काहींना एकमेकांचं दिसू द्यायचं, आणि फरक किती पडला ते मोजायचं. बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स होतं, इतकी वर्षं ते कुठंच कामाला आलं नव्हतं, ते इथं आलं.

हे लिहितोय ते कॉलेजात प्रोजेक्ट करणाऱ्या पोरापोरींसाठी, शिक्षकांसाठी, आणि ज्यांना नुसतीच उत्सुकता आहे त्यांच्यासाठी. लॅब लागत नाही, पैसे जवळजवळ लागत नाहीत. एक फोन, कुठला तरी लॅपटॉप आणि शंभरेक ओळखीची माणसं लागतात, आणि खानदेशात शंभर माणसं ओळखीची नसतील असा माणूस मला अजून भेटायचाय.

आधी माझा पहिला प्रयोग कसा फसला ते सांगतो, कारण निम्मं शिक्षण त्यातच झालं.

चोपड्याकडे मित्राचा केळीचा मळा आहे. त्याने एक घड कापला, मी फोटो काढला आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "घड किती किलोचा? अंदाज सांगा." मला वाटलं तीस-चाळीस वेगवेगळे आकडे येतील. पहिलं उत्तर आलं नानांचं. नाना म्हणजे आयुष्य केळीत गेलेला माणूस, रास किती पडेल हे बांधावरून सांगणारा. नानांनी लिहिलं "१८". त्याच्यामागे लगेच १८, १८, "नाना म्हणता ते बरोबर", दोन अंगठे, आणि एकाने तर "मना बी तितलाच लिख" असं मलाच सांगितलं. एका पोराने २३ टाकलं होतं, मिनिटभरात ते "हा मेसेज डिलीट केला आहे" झालं. घड काट्यावर टाकला तर निघाला बावीसच्या वर. नानांचं चुकलं याचं काही नाही, फोटोवरून कोणाचंही चुकतं. पण माझ्या हातात तीस माणसांची उत्तरं आलीच नाहीत, नानांचंच एक उत्तर तीस वेळा आलं.

आता हेच दुसरीकडे कसं झालं होतं बघा. इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या जत्रेत १९०६ साली एका बैलाचं वजन ओळखायची स्पर्धा होती, कापून साफ केल्यावर किती भरेल ते. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने नंतर ती सगळी तिकिटं मागून घेतली. नीट वाचता येणारी ७८७ निघाली. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला काढला तो आला १२०७ पौंड, आणि खरं वजन होतं ११९८. म्हणजे एक टक्क्याचा सुद्धा फरक नाही. १९०७ मध्ये त्याने हे छापलं तेव्हापासून गर्दीला अक्कल असते वगैरे सगळे सांगतात, पण त्यातली गोम फार कमी लोक सांगतात: तिथं प्रत्येकाने आपापल्या तिकिटावर, आपापलं, गुपचूप लिहिलं होतं. शिवाय तिकिटाला सहा पेन्स मोजावे लागायचे, म्हणून टवाळखोरांची संख्या कमी. आमच्या ग्रुपवर तिकीट फुकट आणि नानांचं तिकीट सगळ्यांच्या समोर चिकटवलेलं.

तर कामाला लागू.

पायरी १: प्रश्न निवडा

ज्याचं खरं उत्तर नंतर बाहेर येतं असा प्रश्न घ्या. घडाचं वजन, बरणीतल्या शेंगदाण्यांची संख्या, येत्या रविवारी जळगावचं कमाल तापमान. लोकांना त्यातलं थोडंफार कळायला हवं, अगदीच हवेत गोळ्या नकोत. वजनाचा फोटो असेल तर शेजारी काहीतरी ओळखीचं ठेवा, विळा ठेवा, पाण्याची बाटली ठेवा, नाहीतर पंधरा किलोचा घड जवळून काढला की तीसचा दिसतो.

कापसाचा भाव, मिरचीचा भाव असले प्रश्न टाळा. मला फार मोह झाला होता, नंदुरबारच्या मिरचीवर करायचं होतं. पण त्यात लोकांचा पैसा अडकलेला असतो, आणि तुमचा प्रयोगातला आकडा कोणीतरी स्क्रीनशॉट काढून "पुढच्या आठवड्यात एवढा जाणार" म्हणून फिरवला की झालं, अफवा तुमच्या नावावर. जात, धर्म, निवडणूक तर पहिल्या प्रयोगात लांबच ठेवा. का ते पाचव्या पायरीला येतं.

पायरी २: कोणाला काय दिसणार ते ठरवा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, घाई करू नका, कारण बाकी सगळं कारकुनी आहे आणि खरा प्रयोग इथंच आहे.

२००६ साली सायन्स या विज्ञान साप्ताहिकात सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांचा एक अभ्यास आला होता. त्यांनी एक वेबसाइट बनवली, त्यावर अजिबात माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी ठेवली, आणि १४,३४१ लोकांनी येऊन ती ऐकली, आवडली ती डाउनलोड केली. यातल्या काही लोकांना फक्त गाण्याचं आणि बँडचं नाव दिसायचं. बाकीच्यांना प्रत्येक गाण्यापुढे आधी किती जणांनी ते डाउनलोड केलं तो आकडाही दिसायचा. इथपर्यंत कोणीही विचार करेल. पण त्यांनी हुशारी केली ती पुढं: आकडा दिसणाऱ्या लोकांची त्यांनी आठ वेगवेगळी दुनिया केली, आठही दुनिया शून्यापासून सुरू, आणि एका दुनियेतल्या माणसाला दुसऱ्या दुनियेतलं काहीच दिसायचं नाही. म्हणजे तीच ४८ गाणी आठ वेळा नव्याने बाजारात आली असं समजा.

निकाल असा की आकडे दिसायला लागले की हिट गाणी अजून हिट झाली आणि पडलेली अजून पडली, आणि कुठलं गाणं हिट होईल हे दुनियेगणिक बदललं. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी भिकार वर आली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीच्या चार लोकांनी काय दाबलं यावर पुढचं सगळं.

आता यातून आपल्या कामाचं काय, तर हे. समजा तुम्ही दोनशे लोकांचा एक ग्रुप केला, सगळ्यांना सगळ्यांची उत्तरं दिसतात. तुम्हाला वाटतं आपल्याकडे दोनशे उत्तरं आहेत. नाहीत. ते दोनशे जण एकमेकांना बघून बोललेत, म्हणून तो एक ग्रुप म्हणजे एक नग. दुसऱ्या दिवशी तेच दोनशे जण नाना झोपलेले असताना जमले असते तर वेगळंच काही झालं असतं. म्हणून माणसं वाढवण्यापेक्षा ग्रुप वाढवा, ऐंशी माणसं असतील तर एक ग्रुप करू नका, आठ-आठ जणांचे दहा करा. नवीन पोरांचे जे प्रोजेक्ट माझ्याकडे प्रिंटला येतात त्यातल्या बहुतेकांत हीच चूक असते, आणि स्पायरल बायंडिंग करता करता मी गप्प बसतो, कारण तेव्हा उशीर झालेला असतो.

मी जे डिझाइन वापरतो ते असं, तुम्ही जसंच्या तसं उचला. आठ-आठ जणांचे दहा ग्रुप. पाच ग्रुप "दिसणारे", पाच "न दिसणारे". सलग तीन रात्री तोच प्रश्न, तोच फोटो. पहिल्या रात्री सगळे एकेकटे उत्तर देतात. दुसऱ्या रात्री दिसणाऱ्या ग्रुपला त्यांच्याच आठ जणांची कालची उत्तरं, नावाशिवाय, फॉर्मच्या वर दाखवायची आणि विचारायचं, आता काय म्हणता? न दिसणाऱ्यांना नुसतंच परत विचारायचं. तिसऱ्या रात्री परत तसंच.

न दिसणाऱ्यांना परत परत कशाला विचारायचं, वेळ वाया, असं माझ्या भाच्याने विचारलं होतं. अरे, माणसाला दुसऱ्यांदा विचारलं की तो उत्तर बदलतोच, त्याला वाटतं पहिलं चुकलं असणार. तो आपसूक होणारा बदल किती आणि दुसऱ्यांचं बघून होणारा किती, हे वेगळं करायला हे पाच ग्रुप लागतात. हे नसतील तर बाकीच्या पाचांचा उपयोग शून्य.

आणि आकडे खरेच दाखवा. "इतरांनी ३५ सांगितलं" असं खोटं दाखवून गंमत बघायचा मोह होतो. जुन्या नावाजलेल्या प्रयोगांत झालंय तसं, सॉलोमन ॲशने १९५० च्या सुमाराला माणसं आधीच फितवून ठेवली होती, ती मुद्दाम रेघांची लांबी चुकीची सांगायची आणि बिचारा खरा माणूस गोंधळायचा. पण ॲश विद्यापीठात होता, तुम्ही गावात आहात. एकदा खोटं बोललात की पुढच्या प्रयोगाला तीच माणसं मिळणार नाहीत, आणि माणसं तर तीच आहेत.

पायरी ३: वाटणी चिठ्ठ्यांनी

कोण कुठल्या ग्रुपात हे तुम्ही ठरवायचं नाही, आणि त्यांनीही नाही. "शिकलेले इकडे टाकू" केलं की संपलं, मग फरक शिक्षणाचा की दिसण्याचा, देवाला माहीत. गूगल शीटमध्ये नावांची यादी करा, शेजारच्या रकान्यात रँडचा (RAND, कुठलाही आकडा आपोआप टाकणारा) फॉर्म्युला ओढा, त्या रकान्यावर सॉर्ट करा, वरून आठ-आठ तोडत जा. फक्त एक, रँडचे आकडे शीटला हात लावला की बदलतात, म्हणून आधी ते कॉपी करून नुसत्या व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा. मी केलं नव्हतं. कोण कुठल्या ग्रुपात होतं ते मलाच परत लागेना.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे एक घर, एक फोन. दुकानात बघतो ना, वडिलांचा नंबर, पोराचा फॉर्म, ओटीपी आईच्या फोनवर. म्हणून चिठ्ठी माणसाची टाकू नका, घराची टाका. एका घरातले सगळे एकाच ग्रुपात, किंवा घरातून एकच जण. नाहीतर जेवताना ताटावर सगळा प्रयोग फुटतो: "तुले काय दिसनं? मले तं काहीच नही दिसनं."

पायरी ४: फॉर्म

गूगल फॉर्म पुरतो. ग्रुपमागे एक फॉर्म, म्हणजे दहा लिंका, आणि लिंकांची यादी स्वतःजवळ नीट लिहून ठेवा.

उत्तराच्या चौकटीला व्हॅलिडेशन लावा, फक्त आकडा, पाच ते साठच्या मध्ये. हे केलं नाही तर काय येतं ते माझ्या शीटमध्ये आहे: "२२ किलो", "बावीस", "२०-२५", "अर्धा मण", "वजन करून सांगतो" आणि एक नुसता केळीचा इमोजी.

सेटिंगमध्ये निकालाचा सारांश दाखवायचा पर्याय बंद आहे ना ते दोनदा बघा. तो चालू राहिला तर फॉर्म भरल्यावर माणसाला सगळ्यांच्या उत्तरांचा ग्राफ दिसतो, तो शेजारच्याला दाखवतो, आणि तुमचा न दिसणारा ग्रुप दिसणारा होतो. एकाला एकदाच भरता येईल असंही सेटिंग आहे, पण त्याला गूगल लॉगिन लागतं आणि लॉगिन म्हटलं की निम्मी माणसं "नंतर भरतो" म्हणतात. मी ते लावत नाही, त्याऐवजी प्रत्येकाला एक तीन आकडी नंबर देतो, तो वर टाकायचा. एकाच नंबराची दोन उत्तरं आली तर पहिलं धरायचं, आणि हे आधीच ठरवायचं.

शेवटी दोन प्रश्न जास्तीचे. "उत्तर द्यायच्या आधी कोणाशी बोललात का?" आणि "तुम्हाला किती खात्री आहे, एक ते पाच?" दुसऱ्याची गंमत आठव्या पायरीला.

व्हॉट्सॲपचा पोल वापरू का, असं हटकून विचारतात. गोळा करायला नको, त्यात आकडे तिथल्या तिथं वाढताना दिसतात आणि नावंही दिसतात. पण "सगळं उघड असलं की काय होतं" हेच बघायचं असेल तर एक वेगळा गट म्हणून पोल बेस्ट. पहिल्या मताचं वजन किती असतं ते तुम्हाला डोळ्याने दिसेल. यावर मोठं काम झालंय, २०१३ मध्ये सायन्समध्येच आलं होतं: एका बातम्यांच्या साइटवर १,०१,२८१ कमेंट्समधल्या काहींना सुरुवातीलाच कुठलंही कारण नसताना एक पसंतीचं मत देऊन टाकलं, तर त्या कमेंट्सचं शेवटचं रेटिंग सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघालं. नापसंतीचं मत दिलं ते मात्र पुढच्या लोकांनी भरून काढलं. आमच्या ग्रुपवर नानांचं पहिलं १८ पडलं ते हेच.

पायरी ५: परवानगी

फॉर्मच्या सगळ्यात वर साध्या मराठीत लिहा: हा अभ्यास आहे, मी अमुक, एवढी माहिती घेतोय, यासाठी वापरणार, नको असेल तर मध्येच सोडा, कोणी विचारणार नाही. नंतर "मला मान्य आहे" ची चौकट. इंग्रजीतून उचललेला अर्धा पानाचा मजकूर टाकू नका, तो कोणी वाचत नाही, मी दिवसभर बघतो, बोट सरळ खाली जातं.

अठरा वर्षांखालची पोरं नकोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचं ते बालक, त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. पहिल्याच प्रयोगात ती झंझट कशाला. आधार नंबर, जन्मतारीख, जात, काही मागू नका. लागतच नाही ना. कॉलेजतर्फे करत असाल तर नैतिकता समिती असते, तिच्याकडे आधी कागद द्या, प्रयोग झाल्यावर नव्हे.

हे सगळं नाटक वाटत असेल तर फेसबुकचं आठवा. जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर त्यांनी ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट थोड्या कमी केल्या आणि ती माणसं स्वतः काय लिहितात ते मोजलं. परिणाम निघाला अगदी बारीक. पण २०१४ ला पेपर छापून आला तेव्हा जगभर बोंबाबोंब झाली ती निकालावरून झालीच नाही, आम्हाला न विचारता आमच्या मूडशी खेळलात कसे, यावरून झाली. आणि तो तर आनंद-दुःखाचा विषय होता. जातीचा किंवा निवडणुकीचा असता तर? म्हणून म्हटलं, घडाचं वजन.

पायरी ६: रंगीत तालीम

पाच जणांवर आधी करून बघा, आणि त्यातल्या एकाच्या शेजारी बसून गप्प बघा. बोलायचं नाही, मदत करायची नाही, जीभ चावून बसायचं. मी दुकानात एका मावशींना बसवलं. त्यांच्या फोनची काच तडकलेली, अक्षर मोठं केलेलं. फोटो अर्धाच दिसत होता, घडाच्या वरच्या फण्या तेवढ्या, खालचा भाग स्क्रीनच्या बाहेर. त्यांनी तेवढाच घड समजून ९ लिहिलं. मग पुढं गेल्या, "तुमचा नंबर" आला तिथं दहा आकडी मोबाइल नंबर टाकायला लागल्या. पंधरा मिनिटांत मला माझ्या फॉर्ममधल्या दोन चुका कळल्या, ज्या लॅपटॉपवर बसून वर्षभरात कळल्या नसत्या. फोटो आडवा होता तो उभा केला, आणि "तुम्हाला मेसेजमध्ये आलेला ३ आकडी नंबर" असं लिहिलं.

याच वेळी आणखी एक करा. तुम्हाला काय निघेल असं वाटतं ते एका कागदावर लिहा, तारीख टाका, फोटो काढून मित्राला पाठवा. संशोधक लोक हे ओएसएफसारख्या साइटवर आधी नोंदवून ठेवतात. आपल्याला फोटो चालेल. कारण निकाल आला की डोकं आपोआप म्हणायला लागतं, "मला हेच वाटत होतं."

पायरी ७: पाठवणं

एकेकट्याला पाठवा. ब्रॉडकास्ट लिस्ट करता येते पण लक्षात ठेवा, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच ती पोचते, बाकीच्यांना जातच नाही आणि तुम्ही वाट बघत बसता. वेळ रात्री साडेआठ-नऊ, जेवणं झालेली असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत, ऐन लग्नसराईत आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात करू नका. आखाजीला बाया माहेरी, फोन पोरांच्या हातात, अर्धे ग्रुप गायब. हिवाळ्यात जानेवारी बरा, शेतात भरीत पार्ट्या चालू असतात, लोक खुशीत असतात. मात्र पार्टीच्या दिवशी नको, पन्नास माणसं एकाच पंगतीला बसलेली, कळण्याची पुरी हातात आणि विषय तुमचा घड.

दुसऱ्या वेळी नानांनाही लिंक पाठवली. पाच मिनिटांत फोन. "भाऊ, बाकीच्यांनी काय टाकलं?" मी म्हटलं नाना, तुम्हाला जे वाटतं ते टाका. तर म्हणाले, "ते खरं, पण काय टाकलं ते तर सांग." म्हणजे आम्ही सगळे नानांकडे बघत होतो आणि नाना आमच्याकडे.

तीन रात्रींत माणसं गळतात. ऐंशीतली पहिल्या रात्री सगळी आली तर शेवटी बरीच कमी राहतील, हे धरूनच चाला आणि कोण गळलं ते लिहून ठेवा. एकदाच आठवण करा. तीनदा केली की माणूस वैतागून काहीही आकडा टाकतो, त्यापेक्षा न आलेला बरा.

पायरी ८: आकडे वाचणं

सरासरीच्या नादी लागू नका, मधला आकडा घ्या. समजा सात जणांनी लिहिलं १६, १८, १९, २१, २२, २४ आणि एका महाभागाने ५०. सरासरी येते चोवीसच्या वर, म्हणजे सातातल्या सहा जणांपेक्षा जास्त. मधला आकडा २१. शीटमध्ये मीडियनचा फॉर्म्युला टाका, झालं.

प्रत्येक ग्रुपचं प्रत्येक रात्रीचं तीन गोष्टींत बघा. मधला आकडा खऱ्या वजनापासून किती लांब. उत्तरं किती पसरलेली, म्हणजे खालची चौथाई आणि वरची चौथाई यातलं अंतर, त्याला क्वारटाइलचा फॉर्म्युला आहे. आणि खात्री किती वाढली. दिसणाऱ्या ग्रुपांत रात्रीगणिक पसारा आवळत जातो का, हे बघायचं. २०११ मध्ये लोरेन्झ आणि त्याच्या सोबत्यांनी झुरिकच्या १४४ विद्यार्थ्यांवर असंच केलं होतं, त्यांना दिसलं की एकमेकांचं बघून उत्तरं जवळजवळ आली, पण गर्दीचा अंदाज त्या मानाने सुधारला नाही, आणि लोकांची स्वतःच्या उत्तरावरची खात्री मात्र वाढली. म्हणून तो खात्रीचा प्रश्न. चूक तेवढीच आणि छाती फुगलेली, हे तुमच्या शीटमध्ये दिसतंय का बघा.

तुलना करताना दहा ग्रुपांचे दहा आकडे समोरासमोर ठेवा, पाच इकडे, पाच तिकडे. ऐंशी माणसांची एकत्र खिचडी करू नका, दुसऱ्या पायरीतलं आठवा. दहा आकड्यांतून फार मोठं काही सिद्ध होत नाही आणि तसं सांगूही नका. आणि निकाल कागदावर लिहिल्याच्या उलट आला तर उलट आला असं लिहा. एखादा ग्रुप आडवा आला म्हणून काढून टाकायचा नाही, काढायचंच असेल तर कोणत्या कारणाने काढणार ते रंगीत तालमीच्या दिवशीच ठरलेलं पाहिजे.

"कोणाशी बोललात का" ला हो म्हणणारे न दिसणाऱ्या ग्रुपात किती आहेत तेही बघा. माझ्याकडे एका ग्रुपात जवळजवळ सगळेच हो निघाले. चौकशी केली तर ते रोज एकाच एसटीने धुळ्याला जाणारे.

पायरी ९: परत सांगणं

घड काट्यावर टाका, काट्याचा आकडा दिसेल असा व्हिडिओ काढा आणि सगळ्यांना पाठवा, सोबत दोन-चार ओळींत काय बघत होतो आणि काय निघालं. लोकांना हे फार आवडतं, पैशापेक्षा जास्त. कोणाचं उत्तर किती चुकलं ते नावाने सांगू नका, विचारलं तरी. नंबर आणि फोनची जोडी असलेला रकाना उडवून टाका, नुसते आकडे ठेवा.

एवढं जमलं की पुढचं करायला दोन खेळ सांगून ठेवतो.

एक सोपा. प्रत्येकाने ० ते १०० मधला एक आकडा लिहायचा, सगळ्यांच्या सरासरीच्या दोन तृतीयांशाच्या सगळ्यात जवळ ज्याचा आकडा तो जिंकला. सगळे रँडम लिहितील तर सरासरी ५०, मग ३३ लिहावं, पण सगळ्यांनी तोच विचार केला तर २२, आणि असं खाली खाली शून्यापर्यंत. डेन्मार्कच्या पोलिटिकेन वर्तमानपत्राने २००५ मध्ये वाचकांकडून हे करून घेतलं, १९,१९६ लोक खेळले, जिंकणारा आकडा निघाला २१.६. कॉलेजच्या वर्गात दहा मिनिटांत होतं. फक्त निकाल सांगितल्यावर लगेच दुसरा डाव घ्या, आकडे कसे घसरतात ते बघायला मजा येते.

दुसरा वर्गणीचा. चार जण, प्रत्येकाकडे खोटे वीस रुपये. हवे तेवढे मधल्या डब्यात टाकायचे, डब्यातले पैसे दुप्पट होतात आणि चौघांत सारखे वाटले जातात, ज्याने टाकले नाहीत त्यालाही. सगळ्यांनी सगळे टाकले तर प्रत्येकाला चाळीस. पण एकाने हात आखडला आणि तिघांनी टाकले तर डब्यात साठ, दुप्पट एकशेवीस, प्रत्येकी तीस, आणि हात आखडणाऱ्याकडे आधीचे वीस धरून पन्नास. गणपतीच्या वर्गणीला जो "पुढच्या वर्षी नक्की" म्हणतो त्याचं गणित हेच आहे. हा खेळ बऱ्याच फेऱ्या खेळला की डब्यातली रक्कम साधारण घसरत जाते, हे अनेक देशांत दिसलंय, आणि फेर आणि गेख्टर यांनी २००० साली दाखवलं की स्वतःचे थोडे पैसे मोडून हात आखडणाऱ्याला दंड करता आला तर ती परत चढते. हा गूगल फॉर्मवर हाताने चालवणं जिकिरीचं आहे. ओट्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पायथॉनवर चालतं, थोडं प्रोग्रामिंग येणारं पोरगं शेजारी बसवा. आणि नावं लपवा, पहिल्या फेरीपासून. आम्ही एकदा एका मंडळाच्या पोरांना नावं दिसू देऊन खेळवलं होतं, खोट्या वीस रुपयांचा खेळ, आणि तिसऱ्या फेरीला दोघांत मागच्या वर्षीच्या खऱ्या वर्गणीचा विषय निघाला. चौथी फेरी झालीच नाही.